पंजाबातला विठ्ठल

माउलींसोबत पैठणहून निघालेला रेडा आमच्या आळ्यात समाधिस्थ झाला, अशी परंपरा आहे. बाहेरून आलेल्याला गावाने आपले केले. मग आपल्यातून बाहेर गेलेल्याला आपण काय म्हणतो?

नामदेवराय पंजाबात गेले. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. अभंगांवर वाढलेल्या कानाला ती परकी वाटतात. बोली तिकडची, सगुणापेक्षा निर्गुणावर भर अधिक. पण नीट वाचा. विठ्ठल तिथे ‘बीठल’ होऊन आला आहे. शिंप्याच्या घरी जन्म का दिला, ही तळमळ आहे. देवळातून उठवून दिल्याचे शल्यही आहे. मुलूख सुटला, पण नाम सुटले नाही आणि घरची जखमही लपवली नाही. त्या पदांचे मोल यातच आहे. २०१५ साली घुमानला साहित्य संमेलन भरले, ते याच नात्यामुळे.

आज आपली नातवंडे मुंबईत, परदेशात वाढतात. त्यांचे मराठी अडखळले म्हणून त्यांना हिणवू नका. बोली कोणती, हे मागाहून पाहावे. पोटात काय जपले आहे, ते आधी विचारावे.

रामकृष्ण हरी.