१०० टक्के सुरक्षित, ५२ टक्के दाराबाहेर : एक पेपर वाचताना

"पेपर वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं?" पीएचडीची तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न मला सारखा येतो. उपदेश करून याचं उत्तर देता येत नाही, एखादा पेपर सोबत बसून वाचावा लागतो. म्हणून आज एक पेपर घेऊ. तो मी आधी चुकीचा वाचला होता, म्हणून मुद्दाम तोच.

माझा विषय आहे ऑनलाइन खात्यांची सुरक्षा आणि ती वापरणारी माणसं. मागच्या पावसाळ्यात प्रगती अहवाल सादर करायच्या आदल्या दिवशी बसमधून उतरताना माझा फोन पाण्यात पडला, तो कायमचाच. अहवाल ड्राइव्हवर होता. लॅपटॉप नुकताच फॉरमॅट केलेला, त्यामुळे नव्याने लॉगिन करणं भाग होतं. पासवर्ड बरोबर टाकला. पुढे कोड मागितला. कोड देणारं ॲप फोनमध्ये. नवं सिम त्याच दिवशी मिळालं, पण आपल्याकडे सिम बदललं की २४ तास एसेमेस बंद राहतात. नियम चांगला आहे. दुसऱ्या कुणी तुमच्या नावाने सिम काढून ओटीपी पळवू नयेत म्हणून तो केलाय. पण त्या दिवशी नियमाच्या लेखी चोर मीच होते. राहिले बॅकअप कोड. ते मी नीट जपून ठेवले होते, त्याच ड्राइव्हवर! घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवरची चार महिन्यांपूर्वीची प्रत घेऊन समितीसमोर उभी राहिले. "काम पुढे सरकलेलं दिसत नाही," असा शेरा पडला. समितीचं काही चुकलं नाही, त्यांना जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं.

गंमत पुढे आहे. त्या जुन्या प्रतीत माझ्याच एका स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "सिक्युरिटी की : १०० टक्के संरक्षण". हा आकडा ज्या संशोधनातला, त्याच संशोधनात माझ्यासारख्या दाराबाहेर राहिलेल्या माणसांचाही आकडा आहे. तो मी स्लाइडवर घेतला नव्हता, कारण तिथवर मी वाचलंच नव्हतं.

पेपर काय आहे?

२०१९ च्या वर्ल्ड वाइड वेब परिषदेतला हा पेपर. शीर्षक 'इव्हॅल्युएटिंग लॉगिन चॅलेंजेस ॲज अ डिफेन्स अगेन्स्ट अकाउंट टेकओव्हर'. लेखक पेरिविंकल डोर्फलर, कर्ट थॉमस आणि सहकारी, म्हणजे न्यूयॉर्क विद्यापीठ आणि गूगल मधली मंडळी. प्रश्न सरळ आहे. लॉगिन संशयास्पद वाटलं की गूगल जादा पडताळणी मागतं. तिने खरंच चोर अडतात का, आणि खऱ्या मालकाला त्याचा किती त्रास होतो?

त्यासाठी त्यांनी १४ प्रकारच्या पडताळण्या तपासल्या, त्या खाती पळवण्याच्या साडेतीन लाखांहून जास्त खऱ्या प्रयत्नांवर. हल्लेखोरांचे तीन गट केले: फुटलेले पासवर्ड आपोआप टाकून पाहणारे बॉट, खोटी लॉगिन पानं पसरवणारे फिशर, आणि एकाच माणसाच्या मागे लागणारे. हे तीन गट वेगळे ठेवणं ही पेपरची मोठी ताकद आहे. "ओटीपी सुरक्षित आहे का?" या प्रश्नाला अर्थच नाही. कुणापासून सुरक्षित, हे आधी विचारावं लागतं.

निकाल बोलके आहेत. तुम्हालाच माहीत असायला हव्यात अशा गोष्टी विचारणाऱ्या पडताळण्या फिशिंगसमोर जवळपास कुचकामी ठरल्या. त्यातल्या सगळ्यात कमजोर पडताळणीने जेमतेम १० टक्के प्रयत्न अडवले. फोनसारख्या उपकरणावर आधारलेल्या पडताळण्यांनी फिशिंगचे ९४ टक्क्यांहून जास्त आणि बॉटचे सगळे प्रयत्न अडवले. याच कामावर गूगलने मे २०१९ मध्ये जो सोपा तक्ता प्रसिद्ध केला, त्यात एसेमेस कोडपुढे बॉट, फिशिंग आणि नेमके हल्ले यांसाठी अनुक्रमे १००, ९६ आणि ७६ टक्के असे आकडे आहेत. फोनवर 'हो, मीच' दाबायच्या सूचनेसाठी १००, ९९ आणि ९०. सिक्युरिटी कीपुढे तिन्ही रकान्यांत १००.

जगभरच्या स्लाइडवर फिरतो तो हा तक्ता. आता त्याला तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : मोजलंय काय?

शीर्षक पुन्हा वाचा. त्यात 'लॉगिन चॅलेंज' आहे. तुम्ही स्वतःहून सेटिंगमध्ये जाऊन चालू करता ती टू-स्टेप पडताळणी ही वेगळी गोष्ट. लॉगिन चॅलेंज गूगलला संशय आला की अचानक येतं. चोराला ते येणार की नाही, आणि आलं तर कोणतं येणार, हे आधी ठाऊक नसतं. टू-स्टेप चालू असलेल्या खात्यात कोड लागणार हे चोराला पक्कं माहीत असतं, म्हणून तो खोट्या पानावर पासवर्डच्या खाली ओटीपीचीही चौकट ठेवतो. तुम्ही भरलेला कोड त्याच मिनिटात खऱ्या साइटवर वापरतो. त्यामुळे ९६ टक्के हा आकडा उचलून "टू-स्टेप लावली की फिशिंग ९६ टक्के थांबतं" असं लिहिणं ही उडी आहे. पेपर तसं म्हणत नाही. माझ्यासारखे वाचणारे म्हणतात.

दुसरा प्रश्न : १०० म्हणजे किती?

एकही चोर आत आला नाही, हे निरीक्षण झालं. एकही चोर येऊ शकत नाही, हा दावा झाला. या दोन्हींत किती अंतर आहे ते नमुना किती मोठा यावर ठरतं. संख्याशास्त्रात यासाठी सोपा हिशेब आहे. n प्रयत्नांत शून्य घटना दिसल्या, तर ९५ टक्के विश्वासाने खरा दर साधारण ३ भागिले n पर्यंत असू शकतो. १०० प्रयत्नांत शून्य, तर खरा दर ३ टक्क्यांपर्यंत असू शकतो. ३ लाखांत शून्य, तर लाखात एक. तक्त्यात दोन्ही '१००' म्हणूनच छापले जातील. त्यामुळे शंभर दिसलं की आधी छेद शोधा. शिवाय २०१९ साली फक्त सिक्युरिटी कीवरच खातं चालवणारे लोक कोण होते? स्वतः पैसे मोजून ती घेणारे, म्हणजे मुळातच सावध. कुणाला की द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं. यश कीचं किती आणि माणसाच्या सावधपणाचं किती, हे अशा आकड्यावरून वेगळं काढता येत नाही.

मग की कुचकामी आहे का? मुळीच नाही. पण तिच्यावर विश्वास ठेवायचा तो तिच्या रचनेमुळे. कीच्या आत एक गुप्त किल्ली असते, ती कधी बाहेर येत नाही. साइट एक आकडा पाठवते, की त्यावर सही करते आणि त्या सहीत ब्राउझर साइटचा खरा पत्ता गुंफतो. पान हुबेहूब दिसलं तरी पत्ता दुसरा असेल तर ती सही खऱ्या साइटवर चालतच नाही. ओटीपी तुम्ही कुठेही टाइप करू शकता, ही सही कुठेही टाइप करता येत नाही. फसायचं की नाही हा निर्णयच माणसाच्या हातून काढून घेतलाय.

जुलै २०२२ मधलं उदाहरण घ्या. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या निदान ७६ कर्मचाऱ्यांना फसवे एसेमेस गेले. तिघांनी आपले पासवर्ड खोट्या पानावर टाइपही केले. पण लॉगिनला प्रत्यक्ष की लागत होती, म्हणून चोर आत गेले नाहीत. हे कंपनीने स्वतःच सांगितलंय, तेव्हा त्याला एक घटना एवढंच वजन द्या. पण तिघे फसले आणि तरी दार उघडलं नाही, हे वर सांगितलेल्या रचनेशी जुळतं. आकडा आणि कारण दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तेव्हा विश्वास वाढवावा.

तिसरा प्रश्न : स्लाइडवर काय आलं नाही?

पेपरच्या गोषवाऱ्याच्या शेवटच्या वाक्यात म्हटलंय की १२ लाख खऱ्या वापरकर्त्यांच्या नमुन्यात ५२ टक्के लोक या पडताळणीत अडखळले आणि लॉगिन करू शकले नाहीत. थोड्याच काळात ९७ टक्के लोक आत पोहोचले, हेही तिथेच आहे. लेखकांनी काहीही लपवलेलं नाही. गूगलच्या सोप्या लेखातही ३८ टक्के लोकांकडे ऐनवेळी फोन नव्हता आणि ३४ टक्क्यांना आपला दुसरा ईमेल पत्ता आठवला नाही, असं लिहिलंय. फक्त ते तक्त्यात नाही, आणि आपण तक्ताच उचलतो.

माझी खरी तक्रार ९७ या आकड्याबद्दल आहे. सरासरी म्हणून तो चांगला दिसतो. पण १२ लाखांचे ३ टक्के म्हणजे ३६ हजार माणसं. आणि 'थोडा काळ' कुणाच्या घड्याळाने? सुट्टीचे फोटो बघायचे असतील तर एक दिवस काहीच नाही. उद्या सकाळी समिती असेल तर एक दिवस म्हणजे सगळंच. मी बहुधा त्या ९७ टक्क्यांतच मोजली गेले असते, कारण दोन दिवसांनी खातं उघडलं. आकड्यात मी यशस्वी!

त्रास नेमका कुठे होतो हे समजायला छोटा अभ्यासच लागतो. २०१८ मध्ये रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी युबिकी या सिक्युरिटी कीचे दोन अभ्यास एकाच पेपरमध्ये मांडले. ३१ जणांना प्रयोगशाळेत की जोडायला दिली, तर अनेकांना ती नीट जोडताच आली नाही. दुसऱ्या गटातल्या २५ जणांनी ती चार आठवडे रोज वापरली, तर बहुतेकांना ती सोपी वाटली. म्हणजे अडचण वापरण्यात कमी आणि सुरुवातीच्या जोडणीत जास्त. १२ लाखांचा नमुना 'किती' ते सांगतो, ३१ जणांचा 'का' ते सांगतो. "नमुना फक्त ३१ चा" म्हणून असा पेपर बाजूला टाकू नका.

मग माझं मत काय?

पेपर उत्तम आहे. असा डेटा कंपनीच्या आत बसल्याशिवाय मिळत नाही. पण त्याच कारणाने बाहेरच्या कुणाला तो पुन्हा तपासताही येत नाही, हे वाचताना ध्यानात ठेवा. पेपरने चोर अडवणं आणि मालक अडकणं दोन्ही मोजलं, हे त्याचं मोठेपण. आपण अर्धंच उद्धृत केलं, ही आपली चूक.

खात्यांचं म्हणाल, तर मी आता सिक्युरिटी की वापरते, आणि एक नाही, दोन. एक किल्ल्यांच्या जुडग्यात, दुसरी घरी आईच्या कपाटात. दोन्ही त्याच दिवशी खात्याला जोडल्या. एकच की घेतलीत तर चोर अडेल, पण ती हरवली की तुम्हीही अडाल. कीला हजारो रुपये लागतात आणि फेलोशिप वेळेवर येत नाही, हे मला ठाऊक आहे. तोवर निदान एवढं करा: बॅकअप कोड कागदावर उतरवून काढा, रिकव्हरीला दिलेला नंबर अजून चालू आहे का ते पाहा, आणि प्रबंधाची एक ताजी प्रत खात्याबाहेर ठेवा. आज रात्रीच, समितीच्या आदल्या दिवशी नको.

आणि गृहपाठ. तुमच्या रिसर्च प्रपोजलमध्ये उद्धृत केलेला सगळ्यात आवडता आकडा घ्या. मूळ पेपर उघडा. तो आकडा कशाचा, छेद किती, आणि त्याच्या शेजारच्या वाक्यात काय लिहिलंय, एवढं तीन ओळींत लिहून काढा. माझ्या प्रपोजलमध्ये असे अकरा आकडे होते. तपासल्यावर चार बदलावे लागले.