पानावरची अदब

‘अदब’ हा शब्द उर्दूत दोन अर्थांनी वावरतो. एक अर्थ साहित्य आणि दुसरा शिष्टाचार. मराठीत येताना त्याने दुसरा अर्थ तेवढा सोबत आणला. मोठ्यांची अदब राखावी, असे आपण म्हणतो. साहित्याला आणि शिष्टाचाराला एकच शब्द पुरावा, यात त्या भाषेचे शहाणपण आहे. आपल्या छापील पानांकडे पाहताना मात्र हे दोन अर्थ एकमेकांपासून तुटलेले दिसतात. मजकुरात साहित्य असते, पण ते ज्या पानावर उभे असते त्या पानाला वाचकाची अदब नसते.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखकांचे कवितासंग्रह, कथासंग्रह, स्मरणिका आणि विशेषांक सातत्याने निघत आले आहेत. त्यांतले बरेचसे पदरमोड करून काढलेले असतात. अक्षरजुळणी घरच्या संगणकावर होते, मुखपृष्ठ एखादा हौशी मित्र करून देतो, मुद्रिते लेखक स्वतःच तपासतो. यात कमीपणा मानण्यासारखे काहीच नाही. परंतु आपली समीक्षा आशय, अनुभव आणि बांधिलकी यांपाशी थांबते. पानाची समीक्षा कोणी करत नाही. ती वाचकच करतो, आणि ती फार निष्ठुर असते : दहा पाने वाचून तो पुस्तक मिटवतो. ‘जड लिहिलंय’ असे त्याला वाटते. पुष्कळदा लिहिलेले जड नसते, मांडलेले जड असते.

पूर्वी हे ज्ञान दोन माणसांच्या हातात होते. मराठीत खिळे जुळवणारा कंपोझिटर आणि उर्दूत कातिब. निर्णयसागरसारख्या मुंबईच्या छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे सुबक वळण दिले, त्यावर मराठी वाचकांच्या पिढ्या वाढल्या. कातिबाची तयारी तर कागदाला शाई लागण्यापूर्वीच सुरू होई. दोरे ओवलेल्या मिस्तरावर कागद दाबून तो ओळी आखून घेई, म्हणजे प्रत्येक ओळीतले अंतर आधीच ठरलेले असे. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या लेखणीतून आलेले नूरी नस्तालीक संगणकावर उतरले, नव्वदच्या दशकात इनपेज आले आणि कातिबाची बैठक उठली. मराठीत श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींनी कंपोझिटरची केस अडगळीत टाकली. हत्यार सर्वांच्या हाती आले ही चांगलीच गोष्ट झाली. पण हातातले ज्ञान हत्याराबरोबर आले नाही. बापूराव नाईक यांचा देवनागरीच्या मुद्राक्षरांवरील १९७१ सालचा मोठा ग्रंथ इंग्रजीत आहे आणि तो ग्रंथालयाच्या कपाटात आहे. घरी बसून अंक लावणाऱ्यापर्यंत तो पोचलेला नाही.

मग अशा हौशी माणसाने करावे काय? आमच्या मते त्याला चित्रकार होण्याची गरज नाही. थोडा संयम आणि चार-सहा नियम एवढे पुरेसे आहे.

पहिली गोष्ट ओळींमधल्या अंतराची. देवनागरी अक्षर तीन मजली असते. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार; मधे मूळ अक्षर; खाली उकार आणि उभी जोडाक्षरे. रोमन लिपीच्या मापाने ओळी लावल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षर बारा पॉइंटचे असेल तर एका ओळीपासून दुसरीपर्यंत सतरा-अठरा पॉइंट अंतर ठेवावे. पाने वाचवण्यासाठी हेच अंतर सर्वांत आधी कापले जाते, आणि तिथेच वाचक गमावला जातो. पाने कमी करायचीच असतील तर मजकूर कापावा. त्याने मजकुराचेही भले होते.

दुसरी गोष्ट ओळीच्या लांबीची. एका ओळीत आठ ते बारा शब्द असले की डोळा न चुकता पुढच्या ओळीवर उतरतो. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट धरला तर मराठीची प्रत्यय लागून लांबलेली पदे ओळीत मावत नाहीत आणि शब्दांमध्ये खिंडारे पडतात. काही जण ती बुजवण्यासाठी अक्षरेच फाकवतात. मग शिरोरेषा तुटते, आणि शिरोरेषा तुटली की शब्द शब्द राहत नाही. अशा वेळी उजवी कड मोकळी सोडावी. त्यात काही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट अक्षरवळणांची. एका पुस्तकाला मजकुरासाठी एक आणि शीर्षकांसाठी फार तर दुसरे वळण पुरे. संगणक कोणतेही अक्षर तिरपे करून देतो, पण देवनागरीत तिरप्या अक्षराची परंपरा नाही. ते कलंडलेले दिसते. जोर द्यायचा तर ठळक अक्षर वापरावे, तेही त्या वळणाचे मुळात घडवलेले. यंत्राने फुगवलेल्या ठळक अक्षरात ‘ष’ आणि ‘ध’ यांची पोटे बुजतात. र. कृ. जोशी यांनी घडवलेले ‘मंगल’ संगणकाच्या पडद्यासाठी होते. ते आयते मिळते म्हणून त्यात पुस्तक छापू नये. ‘मुक्त’ किंवा राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ ही वळणे विनामूल्य मिळतात. निवडताना एवढे पाहावे की ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी. २००९ साली शासनाने प्रमाण वर्णमाला जाहीर करताना ही वळणे ठरवून दिली आहेत. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन्ही शब्द टंकून पाहावेत. पहिला डोंगरांमधला, दुसरा फारसीतून आलेला आणि आपल्या कोकणी बांधवांच्या रोजच्या बोलण्यातला. ज्या वळणात हे दोन शब्द सारखेच दिसतात, ते मराठीच्या कामाचे नाही.

इथे आपल्या लेखनाचा एक खास प्रश्न येतो, तो नुक्त्याचा. मराठी लिपीला नुक्त्याची सवय नाही. आपल्या पानांवर मात्र अरबी-फारसी नावे आणि उर्दू शेर पावलोपावली असतात. ‘जलील’ म्हणजे थोर, महिमावान. ‘ज़लील’ म्हणजे अपमानित, हलका. एका ठिपक्याने माणसाचे नाव त्याच्याच विरुद्ध उभे राहते. उलट एकाच अंकात ‘अजीज’, ‘अझीझ’ आणि ‘अज़ीज़’ अशी एकाच नावाची तीन रूपे आम्ही पाहिली आहेत. आमचे म्हणणे असे की, मराठी मजकुरात मराठी रूढी पाळावी. उर्दू शेर देवनागरीत उद्धृत करताना नुक्ते द्यावेत, आणि द्यायचे तर सगळे द्यावेत. अर्धे दिलेले नुक्ते सर्वांत वाईट, कारण जिथे नुक्ता नाही तिथे तो नकोच होता, असे वाचक समजतो. उर्दू मजकूर उर्दू लिपीतच द्यायचा असेल तर तो नस्तालीकमध्ये द्यावा. ‘नोटो नस्तालीक उर्दू’ विनामूल्य उपलब्ध आहे. नस्तालीकचा शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो, म्हणून त्याला देवनागरीपेक्षाही अधिक अंतर लागते. दोन ओळींच्या फटीत तो कोंबला तर त्याची मान मोडते.

गझलेच्या पानावर तर आपल्याकडे अत्याचारच होतात. उर्दू दिवाणात कातिब दोन्ही मिसरे एकाच लांबीत बसवी. त्यामुळे रदीफ पानाच्या कडेला एकाखाली एक येई आणि कानाचा ठेका डोळ्यालाही दिसे. देवनागरीत आपण गझल पानाच्या मध्यभागी घेतो. मग डावी कडही जाते आणि उजवीही. प्रत्येक ओळ कुठून सुरू होते ते डोळ्याला नव्याने शोधावे लागते. गझलेची डावी कड सरळ ठेवावी, दोन शेरांमध्ये अर्ध्या ओळीची मोकळीक द्यावी आणि एक शेर दोन पानांत कधीही फोडू नये. लांब बहराची गझल असेल तर सगळ्या गझलेचे अक्षर थोडे लहान करावे. एकच मिसरा मोडून खाली उतरवू नये. आपल्या घरात याचा धडा आहेच. पंधरा ओळींच्या हाफिजी मुसहफात पान आयत पूर्ण करूनच संपते. हिफ्ज करणाऱ्या मुलाला आयतीची जागाही आठवते : उजवे पान, वरून चौथी ओळ. पानाची रचना स्मरणाला कशी हात देते, हे ज्या समाजाने इतक्या काळजीने जपले, त्याने कवितेच्या पानाबाबत बेफिकीर राहावे, हे पटत नाही.

आता मुखपृष्ठाविषयी. मुस्लिम लेखकाचे पुस्तक म्हटले की हिरवा रंग, चंद्रकोर, एखादा मिनार आणि अरबी लिपीची नक्कल करणारी देवनागरी अक्षरे, हा साचा ठरून गेला आहे. आत मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची कथा असो की ऊसतोडणीवरची कविता, बाहेर तोच मिनार. अरबी-फारसी खुशनवीसीची परंपरा थोर आहे आणि जाणत्या हाताने लिहिलेली तिची एक ओळही पृष्ठ उजळते. पण देवनागरीला अरबीचे सोंग देणे म्हणजे दोन्ही लिपींचा अवमान आहे. आणि यात एक विसंगती आहे. मराठी ही आमचीच भाषा आहे, हे आपण व्यासपीठावरून ठासून सांगतो आणि मुखपृष्ठावर त्याच भाषेचे अक्षर परके करून दाखवतो. जे लोक आपल्याला मराठीत पाहुणे समजतात, त्यांच्या समजुतीला आपणच दुजोरा देतो. कमल शेडगे यांनी नाटकांची नावे रेखाटताना त्या त्या नाटकाचा पिंड अक्षरात आणला. अक्षर पुस्तकाच्या आशयातून यावे, लेखकाच्या नावावरून नव्हे.

शेवटचा मुद्दा दिसत नाही, पण सर्वांत गंभीर आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ आपले लेखन जुन्या फॉन्टांत टंकले गेले. त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसेल तर आज ती फाइल उघडल्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. ज्यांची पुस्तके मोठ्या ग्रंथालयांत पोचलीच नाहीत, अशा लेखकांची पाचशे प्रतींची आवृत्ती संपली की मागे ती फाइलच उरते. ती उघडली नाही तर लेखकही उरला नाही. यापुढे प्रत्येक पुस्तक युनिकोडमध्ये टंकावे. जुन्या फाइली रूपांतरित करून घ्याव्यात. आणि रूपांतरात रफार, ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि नुक्ते हमखास विस्कटतात म्हणून त्या मूळ छापील प्रतीशी ओळन् ओळ ताडून पाहाव्यात. हे काम संस्थांनी हाती घ्यायला हवे, पण त्यांची वाट पाहण्याइतका वेळ नाही.

यातल्या कोणत्याही गोष्टीला पैसा लागत नाही. छापायला देण्यापूर्वी दोन पाने प्रत्यक्ष आकारात कागदावर काढावीत आणि घरातल्या चष्मा लावणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात द्यावीत. त्यांनी पान डोळ्यांजवळ ओढले, बोटाने ओळ धरली किंवा ‘हे नाव काय आहे?’ असे विचारले, तर पान पुन्हा लावावे. आपले वाचक थोडे आहेत. त्यांतला एकही आपल्या आळसापायी गमावणे परवडणारे नाही.