सामायिक म्हणजे बेवारस नव्हे

पर्यावरणाच्या तासाला मासेमारीचा एक खेळ अनेक ठिकाणी खेळवला जातो. चार विद्यार्थी गोल बसतात. मध्ये वाडग्यात १६ हरभरे. हरभरे म्हणजे मासे. प्रत्येक फेरीत ज्याने त्याने हवे तेवढे मासे काढायचे. जे उरतील ते दुप्पट करायचे, पण १६ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. आपसांत बोलायला बंदी. प्रत्येकाने दोन-दोन काढले तर आठ उरतात, त्यांचे पुन्हा १६ होतात आणि खेळ कितीही काळ चालतो. तीन-तीन काढले तर चार उरतात, त्यांचे आठ होतात आणि दुसऱ्याच फेरीत वाडगा रिकामा! मग तात्पर्य सांगितले जाते : माणूस लोभी आहे, म्हणून समुद्रातले मासे संपत चालले आहेत.

गणित चोख आहे. आमची तक्रार आहे ती तात्पर्याबद्दल.

या खेळामागचा विचार गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाच्या निबंधामुळे जगभर गेला. १३ डिसेंबर १९६८ च्या 'सायन्स' साप्ताहिकात तो छापून आला. निबंधाचा मुख्य विषय लोकसंख्यावाढ. पण वाचकांच्या लक्षात राहिले ते त्यातले कुरण. कुरण सर्वांचे असले की प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर आणतो. फायदा त्याचा एकट्याचा, नुकसान सर्वांत वाटलेले. शेवटी कुरण उजाड होते. समुद्र सर्वांना मोकळा ठेवल्याने मासे आणि देवमासे असेच नष्ट होतील, असेही हार्डिन यांनी लिहिले होते. मालमत्ता खाजगी करा, नाहीतर बंधने घाला, असा त्यांचा रोख होता.

आता हे कुरण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आणून पाहू. इथल्या पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. पण पैनगंगेवरचे इसापूर, पूस, अरुणावती, बेंबळा या धरणांचे जलाशय त्यांच्या ओळखीचे असतात. अशा तलावांत मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात सहसा घालत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरिसात पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून बीजकेंद्रात मत्स्यजिरे आणि त्यांपासून बोटुकली तयार करून तलावात सोडता येऊ लागली. म्हणजे तलावातले मासे वाडग्यातल्यासारखे आपोआप दुप्पट होत नाहीत. कुणीतरी पैसा खर्चून बीज सोडते. पकडायला कोणीही यावे असे असेल तर बीज कोण सोडील? म्हणून तिथे सभासद कोण, जाळ्याचे आस केवढे, मासे कधी काढायचे, हे ठरवावेच लागते. तलाव सामायिक असतो, बेवारस नसतो.

हार्डिन यांच्या मांडणीतली उणीव नेमकी इथे आहे. त्यांचे गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात तुर्कस्तानातल्या अलान्या या बंदराचे उदाहरण दिले आहे. तिथल्या सुमारे शंभर कोळ्यांनी मासेमारीच्या जागांची यादी केली. सप्टेंबरमध्ये चिठ्ठ्या टाकून ज्याची त्याची जागा ठरते. मग जानेवारीपर्यंत प्रत्येकजण रोज एक जागा पूर्वेला सरकतो आणि पुढे मेपर्यंत पश्चिमेला. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते, आणि कुणी चुकार निघाला तर ज्याची पाळी असते तोच त्याला अडवतो. वेगळा पहारेकरी लागत नाही. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खुद्द हार्डिन यांनीही १९९८ मध्ये 'सायन्स'मध्येच मान्य केले की, आपण 'व्यवस्था नसलेले' हे विशेषण कुरणाला जोडायला हवे होते.

सरकारने सूत्रे हाती घेतली की प्रश्न सुटतो, असेही नाही. कॅनडाने १९७७ मध्ये २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यात घेतला आणि न्यूफाउंडलंडच्या कॉड माशासाठी दरवर्षी कोटा ठरवला. मासे कमी होत गेले तरी उरलेले एकत्र गोळा होत. त्यामुळे ट्रॉलरची जाळी भरतच राहिली आणि साठ्याचा अंदाज फुगला. जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचे काम गेले. दोन वर्षांसाठी घातलेली ही बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

तरीही हार्डिन यांना निकालात काढणे बरोबर नाही. तलावाला काठ असतो, समुद्राला कुंपण नसते. एका गावाने ठरवलेला नियम दूरच्या बंदरातून आलेला ट्रॉलर कशाला पाळील? तिथे कायदा लागतोच. महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर क्षेत्राची आणि हंगामाची बंधने आली. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला गेला. मात्र नियम पाळायचा तो कोळ्यांनी; तो ठरवताना त्यांना विचारले गेले, तरच ते त्याची राखण करतील.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना आहे की, खेळ टाकू नका, तो चार वेळा खेळा. पहिल्यांदा नेहमीप्रमाणे, बोलण्यास बंदी ठेवून. दुसऱ्यांदा बोलू द्या आणि नियम मुलांनाच करू द्या. तिसऱ्यांदा, नियम ठरल्यावर एक पाचवा विद्यार्थी बाहेरून आणून बसवा. त्याला कोणताच नियम लागू नाही. चौथ्यांदा वाडग्यावर फडके टाका, म्हणजे किती मासे उरले ते फक्त शिक्षकाला कळेल. प्रत्येक वेळी हरभरे किती फेऱ्या पुरले ते फळ्यावर लिहा. त्यानंतर जवळच्या मच्छीमार संस्थेच्या एखाद्या सभासदाला वर्गात बोलवा आणि मुलांना विचारू द्या : बीज कोण आणते, कोणत्या आकाराचा मासा परत सोडता, आणि नियम मोडणाऱ्याचे काय करता?