लेखकाचें खरें नांव कोणतें?

कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीनें आपल्या निबंधांत ‘कळ्यांचे निःश्वास’ या पुस्तकाच्या लेखिकेचें नांव ‘विभावरी शिरूरकर’ असें दिलें होतें. मीं तें खोडून तांबड्या शाईनें ‘मालतीबाई बेडेकर’ असें लिहिलें. दुसऱ्या दिवशीं ती पुस्तकच घेऊन आली आणि म्हणाली, “सर, येथें तर हेंच नांव आहे.” मला उत्तर सुचलें नाहीं.

१९३३ सालीं हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, वयांत आलेल्या, परंतु अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनाची कोंडी त्यांत इतक्या निर्भीडपणें मांडलेली होती कीं, वाचकवर्गांत मोठी खळबळ उडाली. दुर्दैवानें त्या चर्चेची बरीच शक्ति ‘ही विभावरी कोण?’ या प्रश्नांतच खर्ची पडली. पुस्तक काय सांगतें यापेक्षां तें कोण सांगतें, याचीच जिज्ञासा बळावली. टोपणनांव म्हणजे केवळ आडोसा आणि आडोसा दिसला कीं तो दूर सारावा, हा समज तिच्या मुळाशीं होता.

तो समज अद्यापि टिकून आहे. परंतु ‘खरें नांव’ म्हणून आपण आग्रह धरतों तो कशाचा? माहेरच्या त्या बाळूताई खरे. १९३८ सालीं विश्राम बेडेकरांशीं विवाह झाल्यावर मालतीबाई बेडेकर. म्हणजे ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणारी स्त्री त्या वेळीं बेडेकर नव्हतीच! पहिलें आडनांव पित्याकडून आलें, दुसरें पतीकडून. तिसरें मात्र त्यांनीं लेखनासाठीं स्वतः धारण केलें.

कोणी म्हणेल, हें नांव लोकापवादाच्या भयानें घेतलेलें; भय सरल्यावर तें बाजूस ठेवण्यांतच लेखिकेचा गौरव आहे. या आक्षेपांत तथ्य आहे; पण तें अर्धेंच. सोलापूरच्या, तेव्हां गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतींतील अनुभवांवर त्यांनीं ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. ती १९५० सालीं निघाली, आणि तिच्यावरहि नांव विभावरी शिरूरकर हेंच आहे. आरंभीं निरुपायानें घेतलेलें असेल, तरी तें पुढें त्यांनीं राखलें. ही पसंती टीकाकारानें कां मोडावी?

जेथें लपविण्याचा प्रश्नच नाहीं, तेथेंहि आपण असेंच वागतों. ‘विशाखा’ (१९४२) कुसुमाग्रजांची. ‘नटसम्राट’ (१९७०) वि. वा. शिरवाडकरांचें. दोघे एकच, हें सर्वांस ठाऊक. कुसुम या बहिणीचा अग्रज म्हणून घेतलेलें नांव त्यांनीं कवितेसाठीं राखलें. नाटकें आणि कादंबऱ्या मात्र शिरवाडकर म्हणून लिहिल्या. तरीहि ‘कुसुमाग्रजांचें नटसम्राट’ असें आपण सहज बोलतों, आणि कवि व नाटककार यांच्यामध्यें लेखकानें स्वतः आंखलेली रेषा पुसून टाकतों.

चरित्रकारानें सर्व नांवें अवश्य सांगावींत. तें त्याचें कामच आहे. परंतु ग्रंथाचें परीक्षण करतांना ग्रंथावर असलेलें नांवच घ्यावें. लेखकानें वाचकाशीं ज्या नात्यानें बोलावयाचें ठरविलें, तें नातें त्या नांवांत असतें. तें बदलण्याचा अधिकार टीकाकारास नाहीं, प्राध्यापकास तर नाहींच. त्या निबंधावरील माझी तांबडी दुरुस्ती मीं त्याच दिवशीं मागें घ्यावयास हवी होती. ती आज घेत आहें.