वीस जणांतले एकोणीस

'द पर्सूट ऑफ हॅपीनेस'मधला बास्केटबॉलचा प्रसंग तुम्ही रीलमध्ये कधीतरी पाहिला असेल. तुला काही जमणार नाही असं कुणालाही म्हणू देऊ नकोस, अगदी मलाही नाही, असं बाप पोराला सांगतो. दहावीच्या निकालाच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर तो हमखास येतो. विल स्मिथचं काम मला आवडतं. स्टेशनच्या संडासात पोराला मांडीवर झोपवून, पायाने दार दाबून धरत रडणारा बाप पाहताना मलाही गलबलून येतं. तरी लालबाग-परळमधून पाहिला की या सिनेमाचा हिशोब खटकतो.

2006 चा हा सिनेमा 1981 च्या सॅन फ्रान्सिस्कोत घडतो. शेअर दलालांच्या कंपनीत वीस उमेदवार सहा महिने बिनपगारी राबतात, नोकरी एकालाच. तो एक म्हणजे आपला नायक, म्हणून आपण टाळ्या वाजवतो. उरलेले एकोणीस पडद्यावरून गुपचूप नाहीसे होतात. त्यांच्याही घरी कुणी वाट बघत असेलच की. आणि नायकाची बायको, लिंडा? डबल शिफ्ट करून घर चालवणारी ही बाई थकून निघून जाते. तिच्या राबण्याला सिनेमा जिद्द म्हणत नाही.

पुढच्याच वर्षी, 18 जानेवारी 1982 ला, आपल्याकडे गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, वर्षाहून जास्त काळ बिनपगारी. इथे जिद्द कमी होती असं कोण म्हणेल? जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून महेश मांजरेकरांनी 2010 मध्ये 'लालबाग परळ' काढला. त्यातल्या घरातली पोरं बघा: बाबाला लेखक व्हायचंय, मोहनच्या डोक्यात क्रिकेट, नरू टोळीत. आईबापाची माया आटली म्हणून हे झालेलं नाही. घर ज्या गिरणीवर उभं होतं, तीच गेली. सिनेमा भडक आहे, काही ठिकाणी मला तो सोसवत नाही. पण त्या एकोणीस जणांच्या घरात शिरायची हिंमत त्याने केली.

मग गरिबीतून वर आल्याची गोष्ट सांगायचीच नाही का? सांगायची, पण पुरती सांगायची. अरुण खोपकरांच्या माहितीपटाचं नाव आहे 'नारायण गंगाराम सुर्वे'. नावातच बाप आहे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने टाकून दिलेलं तान्हं मूल घरी आणलं, आपलं नाव दिलं, चौथीपर्यंत शिकवलं. त्या पोराने गिरणीत काम केलं, शाळेत शिपायाची नोकरी केली, परीक्षा दिली, शिक्षक झाला. मराठीतला मोठा कवीही झाला. या गोष्टीत कोटी रुपये कुठेच नाहीत. सांभाळणारं घर आहे, शाळा आहे आणि शिपायाला मास्तर होता येईल अशी वाट आहे. यातलं एकही नुसत्या जिद्दीने उगवत नाही.

ते रील फॉरवर्ड झालं की साठ टक्केवाल्या पोराला त्यातून एकच कळतं: कमी पडलो तो मीच. ज्याला क्लासची फी झेपली नाही तो बाप स्वतःलाही नापास धरतो. गंगाराम सुर्व्यांची ऐपत चौथीपर्यंतचीच होती. त्यांना बाप म्हणून किती मार्क द्यायचे, ते तुम्हीच सांगा.