देव, देश, कुटुंब : सालाझारशाहीतील गोव्याची तीन पुस्तके

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ह्याच्या राजवटीचे घोषवाक्य तीन शब्दांचे होते : देव, देश, कुटुंब. ह्यांतील एकही शब्द कॅथलिक घराला परका नाही. रोजच्या तेर्सात आपण ह्याच तिहींसाठी प्रार्थना करीत आलो आहोत. ती राजवट पारखणे आपल्याला इतरांहून अवघड जाते ते त्यामुळेच. हिटलरने शेकडो धर्मगुरू दाखाऊच्या छळछावणीत कोंडले, तेव्हा त्याचे खरे रूप कोणाला सांगावे लागले नाही. सालाझार मात्र एकेकाळचा सेमिनरीचा विद्यार्थी. १९४० साली त्याने रोमशी करार केला, ख्रिस्तसभेला सन्मान दिला, आणि त्याच हातांनी गुप्त पोलिसांचे जाळे विणले. त्याच्या राजवटीला फॅसिस्ट म्हणावे की नाही ह्यावर विद्वानांचा खल चालू असतो. आग्वादच्या कोठडीतील कैद्याला त्या खलाचा काही उपयोग नव्हता.

आम्हां सिंधुदुर्गातील कॅथलिकांना हा विषय दूरचा नाही. सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ले, मालवण येथील कित्येक घराण्यांची मुळे गोव्यात आहेत. तेरेखोलच्या पलीकडे मामा आणि अलीकडे भाचा अशी स्थिती १९६१ पर्यंत होती. पलीकडच्या मामाला सभा भरवता येत नव्हती. लग्नाची पत्रिका छापायची तरी मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे. महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिला, त्यामुळे गोव्यावर बाँब पडले नाहीत. पण युद्ध संपून युरोपातील हुकूमशहा कोसळले, तरी हा एक जागच्या जागी राहिला. त्या काळावर गोव्याच्या कॅथलिक कुळांतील लेखकांनी जे लिहिले त्यांतील तीन पुस्तके येथे विचारात घेत आहोत. आमची कसोटी एकच आहे : श्रद्धा आणि झेंडा ह्यांची सालाझारने मारलेली गाठ लेखकाला सोडवता आली काय?

पहिले पुस्तक म्हणजे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य ह्यांची १९४४ सालची, गोमंतकीयांच्या निराष्ट्रीकरणावरील छोटी पुस्तिका. कुन्य हे चांदरचे. १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस ह्यांनी मडगावला बंदी मोडून सभा घेतली, आणि त्यापुढील धरपकडीत कुन्यही सापडले. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. (लोहिया आणि मिनेझिस ह्यांची मैत्री बर्लिनमधली, विद्यार्थिदशेतली. हुकूमशाही कशी चढत जाते हे दोघांनी तेथे पाहिले होते. मडगावात ती ओळखायला त्यांना पुस्तकांची गरज भासली नसेल.)

कुन्य ह्यांचा आरोप जळजळीत आहे. पोर्तुगीज सत्तेने गोमंतकीय ख्रिस्ती माणसाचे मनच त्याच्या मातीपासून तोडले, आणि धर्मसंस्था त्या कामी हत्यार बनली, असे ते मांडतात. कॅथलिक वाचकाला हे झोंबते, आणि झोंबावे असेच ते आहे. पाद्रोआदोच्या व्यवस्थेत महागुरूंची नेमणूक राजसत्तेच्या संमतीवाचून होत नव्हती, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. तथापि कुन्य ह्यांची नजर दिवाणखान्यात अडकते असे आम्हांस वाटते. पोर्तुगीजमध्ये पत्रे लिहिणारा भाटकार त्यांना दिसतो; त्याच्या शेतात राबणारा, कोकणीत लादीन गाणारा मुंडकार दिसत नाही. फादर स्टीफन्स ह्यांचे मराठीतील ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले आणि गावोगावच्या ख्रिस्ती जनांनी ते गाइले. १६८४ साली कोकणीवर बंदीचा हुकूम निघाला. भाषा हुकमाला पुरून उरली. आमचे पूर्वज गोवा सोडून सावंतांच्या मुलखात आले ते आपली बोली आणि आपले सणवार घेऊनच. ज्याचे मन समूळ तुटले त्याच्या पदरी इतके शिल्लक राहत नाही. कुन्य ह्यांनी रोग बरोबर ओळखला, परंतु सगळे शरीर तपासले नाही.

दुसरे पुस्तक लँबर्ट मास्कारेन्यस ह्यांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘सॉरोइंग लाइज माय लँड’ ही इंग्रजी कादंबरी. लेखक कोलव्याचे, व्यवसायाने पत्रकार. १९१४ साली जन्मून २०२१ साली, वयाच्या १०६ व्या वर्षी निवर्तले. मडगाव परिसरातील एका कॅथलिक कुटुंबाची ही कथा मुलाच्या तोंडून सांगितलेली आहे आणि १९४६ च्या सत्याग्रहापर्यंत येऊन पोहोचते. केंद्रस्थानी आहे तोबियस हा बाप : मानी, हट्टी, सत्तेपुढे न वाकणारा.

ह्या कादंबरीचे मोल असे की, हुकूमशाहीची गोष्ट ती घराच्या उंबरठ्याच्या आतून सांगते. देव आणि कुटुंब ह्यांचा सालाझार जो गजर करीत होता, त्याच देवाला मानणारे, तसलेच कुटुंब येथे त्याच्याविरुद्ध उभे राहते. तोबियसला विरोध करण्यासाठी श्रद्धा सोडावी लागत नाही. गाठ येथे खरोखर सुटते, आणि तीही वादविवादाने नव्हे, एका माणसाच्या वागण्याने. दोष सांगायचा तर तोबियस बोलू लागला की कादंबरीचे वर्तमानपत्र होते. लेखकातील पत्रकार पात्राच्या खांद्यावरून वाकून बोलतो. शिवाय घर जमीनदाराचे असल्यामुळे मजुराचे दुःख आपल्याला खिडकीतूनच पाहावे लागते.

त्या मजुराच्या झोपडीत शिरतात ते ओर्लांदो द कोश्त. त्यांची ‘ओ सिन्यु द इरा’, म्हणजे ‘कोपाचे चिन्ह’, ही पोर्तुगीज कादंबरी १९६१ सालची. तिचा काळ महायुद्धाचा. तिची माणसे भातशेतीत राबणारे ख्रिस्ती कुणबी. धान्याची टंचाई आणि भाटकाराची मर्जी ह्यांच्यामध्ये त्यांचे जीवन चिरडते. जपमाळ त्यांच्या हातची सुटत नाही, पण पोटही भरत नाही. ‘ख्रिस्ती साम्राज्य’ म्हणून मिरवणाऱ्या सत्तेला ख्रिस्ती गरिबाचे हे चित्र सोसणे शक्य नव्हते. लिस्बनच्या विज्ञान अकादमीने ह्या कादंबरीला पारितोषिक दिले आणि सरकारने तिच्यावर बंदी घातली! लेखकाने स्वतः गुप्त पोलिसांचा तुरुंग भोगला होता. (पुढे २०१५ ते २०२४ ह्या काळात पोर्तुगालचे पंतप्रधान झालेले आंतोनियू कोश्त हे त्यांचेच पुत्र.) तिहींत हीच कृती आम्ही श्रेष्ठ मानतो. ती कोणाला उपदेश करीत नाही, घोषणा देत नाही. उपाशी माणसाच्या प्रार्थनेकडे टक लावून पाहते. उणीव एकच, आणि ती मोठी : ज्या कुणब्यांची ही कथा, त्यांना तिची भाषा वाचता येत नव्हती.

मराठी वाचकाला ह्या लढ्याची ओळख आहे ती मुख्यतः आठवणींतून. मोहन रानडे ह्यांचे ‘सतीचे वाण’ त्यांत अग्रगण्य. १९५५ साली पकडलेला हा शिक्षक गोवा मुक्त होऊनही पोर्तुगालच्या तुरुंगात राहिला आणि १९६९ साली सुटला. अशा पुस्तकांचे मोल वादातीत आहे. परंतु ती न भ्यालेल्या माणसाची पुस्तके आहेत. बाकीचे गाव कसे भीत होते, पाद्रीबाबा प्रवचनात कोणता शब्द गिळत होते, हे सांगायला कादंबरीच लागते.

तशी कादंबरी आमच्या किनाऱ्यावर लिहिण्याजोगी सामग्री थोडी नाही. १९५५ च्या नोव्हेंबरात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ह्यांनी ज्या गुप्त नभोवाणीवरून पोर्तुगीज व कोकणीत गोव्याला बातम्या ऐकवण्यास आरंभ केला, ती आंबोलीच्या रानात होती. एक कॅथलिक तरुणी आमच्याच घाटमाथ्यावरून, पावसाजळवांत, रोज सालाझारला खोटे पाडीत होती. २०२५ साली तिला पद्मश्री मिळाली तेव्हा तिची शंभरी भरली होती. आणि रेडीच्या शेजारचा तेरेखोलचा किल्ला? १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो ह्यांच्या तुकडीने त्यावर तिरंगा फडकवला. पुढल्या वर्षी त्याच तारखेस हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर तेथे गोळीला बळी पडले. तटाच्या आत संत अंतोनीचे चर्च आहे. आल्फ्रेड अफोन्सो तिरंगा घेऊन त्या चर्चच्या दारावरून गेले असतील तेव्हा त्यांच्या मनात काय चालले होते, ह्यावर मराठीत एकही कथा आमच्या वाचनात आलेली नाही.