पदवी स्तरावरील स्थूलता-संशोधन : मोजमाप आणि मार्गदर्शन

प्रस्तावना :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करता येतो. वैद्यकीय व दंतवैद्यक शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दोन महिन्यांची संशोधन योजना १९७९ मध्येच सुरू केली होती. आता हे काम गृहविज्ञान, प्राणिशास्त्र, शारीरिक शिक्षण अशा विभागांकडेही आले आहे. स्थूलता व तज्जन्य विकार हा या विभागांना सहज सुचणारा विषय होय. कारण वजनकाटा आणि मापपट्टी एवढ्या साधनांवर तो पार पडतो. ही सुलभताच त्याची मर्यादा कशी ठरते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

प्रचलित साचा :
शंभर विद्यार्थ्यांची उंची व वजन घ्यावे, बीएमआय काढावा, टक्केवारीचा तक्ता मांडावा आणि शेवटी समतोल आहार व व्यायामाची शिफारस करावी, असा हा साचा आहे. जो निष्कर्ष काम सुरू होण्यापूर्वीच लिहिता येतो, त्याला संशोधन म्हणणे कठीण आहे.

त्यातील टक्केवारीही वाटते तितकी निर्विवाद नसते. जागतिक वर्गीकरणात २५ बीएमआयपासून अतिवजन व ३० पासून स्थूलता मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये आशियाई लोकसंख्यांसाठी २३ व २७.५ हे अधिकचे टप्पे सुचविले. भारतीय तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीत हेच उंबरठे २३ व २५ झाले. म्हणजे २६ बीएमआय असलेली विद्यार्थिनी एका तक्त्यात केवळ अतिवजनाची, तर दुसऱ्यात स्थूल ठरते. कोणता तक्ता घेतला व का, याचे उत्तर विद्यार्थ्याला देता येत नसेल, तर त्याने आकडे गोळा केले आहेत, संशोधन केलेले नाही.

पुण्याचे उदाहरण :
खुद्द निर्देशांकाविषयीचा मूलभूत प्रश्न पुण्यातूनच पुढे आला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासातही नवजात बालके साउदॅम्प्टनच्या बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी आढळली, पण त्यांच्या त्वचेखालील चरबीत त्या प्रमाणात घट नव्हती. कृश दिसणाऱ्या देहातही मधुमेहाचा धोका का असतो, याचा विचार येथून सुरू होतो. प्रचलित प्रकल्पात मात्र असा विद्यार्थी 'सामान्य' या रकान्यात जातो आणि तेथेच त्याची चौकशी संपते.

मार्गदर्शकाची भूमिका :
म्हणून मार्गदर्शकाचे पहिले काम मोजायला शिकविणे हे नसून मापाविषयी शंका घ्यायला शिकविणे हे आहे. बीएमआय, कंबरेचा घेर व त्वचेच्या घडीची जाडी एकाच गटात मोजून ही मापे कोठे परस्परांशी जुळत नाहीत, एवढा मर्यादित प्रश्नही पदवी स्तरावर पुरेसा आहे. दोन विद्यार्थ्यांनी एकाच व्यक्तीचा घेर स्वतंत्रपणे मोजून येणारा फरक नोंदविणे, हेही खरे शिक्षण आहे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. मार्गदर्शकाचा वेळ लागतो. अध्यापनाच्या कार्यभारात त्या वेळेची नोंद होत नसेल, तर मार्गदर्शन सहीपुरतेच उरेल.

दुसरी जबाबदारी नैतिक आहे. येथे अभ्यासविषय बहुधा वर्गमित्रच असतात. सर्वांसमक्ष वजन घेणे व नावानिशी यादी करणे यांतून एखाद्या विद्यार्थिनीला होणारी इजा कोणत्याही तक्त्यात उमटत नाही. माहितीपूर्ण संमती, गोपनीयता आणि रक्तशर्करा वाढलेली आढळल्यास डॉक्टरांकडे पाठविण्याची व्यवस्था आधीच ठरलेली असली पाहिजे.

समारोप :
प्रकल्पांची संख्या वाढणे म्हणजे संशोधनवृत्ती वाढणे नव्हे. मूल्यमापनात तक्त्यांच्या संख्येपेक्षा विद्यार्थ्याने प्रश्न कसा घडविला आणि आपल्या मापाची मर्यादा कशी ओळखली, याला अधिक गुण असावेत. पुढील वर्षाचे विषय निश्चित करताना विभागांनी याचा विचार करणे अगत्याचे आहे.